दोघांचा तंबू

शनिवार
कंगव्याचा एवढा अपमान इतिहासात कुणी केला नसेल. पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या या गावात मोठ्या उत्साहानं उतरलो, तंबू घ्यायला दुकानात शिरलो, तर दुकानदारानं माझी सॅकच पालथी केली. लांब चालायचं तर हलकं व्हा, म्हणाला. कंगवा बाजूला काढला, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे पुढची वस्तू उचलली. अष्टसिद्धींतली लघिमा दुकानात विकत मिळते, हे इतकी वर्षं संस्कृत शिकवून कळलं नव्हतं.

एकट्याचा तंबू सर्वांत हलका. पण शेवटच्या टप्प्याला लेक पलीकडून चढून खिंडीत भेटणार आहे. फोनवर म्हणाली, “बाबा, माझी जागा राखा हं. तुम्ही हातपाय पसरता.” म्हणून दोघांचा घेतला. वापरलेला, पण पिसासारखा. कुणाचा तरी वाटेवर रिकामा उभा सापडला होता, म्हणून स्वस्त. विसरभोळा असेल गृहस्थ. कापड एकपदरी आहे. श्वासाची वाफ आतून धरते, सकाळी पुसत जा, असं दुकानदारानं बजावलं.

सोमवार
झोप उत्तम. तोंडासमोर कापडावर ताटलीएवढा ओला डाग. पुसला. तसाच एक रिकाम्या बाजूलाही होता. माझ्या घोरण्याची व्याप्ती. सौभाग्यवती दुजोरा देईल.

मंगळवार
बाजू बदलून झोपलो. मध्ये सॅक ठेवली. सकाळी डाग दोनच. सॅक पायाशी सरकवलेली.

गुरुवार
तंबूबाहेर चहा करत होतो. समोरून आलेला वाटसरू माझ्याशी अगदी हळू बोलला. कारण विचारलं, तर म्हणाला, आत कुणीतरी झोपलंय ना.

शुक्रवार
बाहेर झोपलो, खडकाच्या आडोशाला. उजाडल्यावर पाहिलं. वारा नव्हता. कापड फुगत होतं, बसत होतं — पुन्हा फुगत होतं. आत गेलो. माझी बाजू कोरडी. दुसरी —

शनिवार
तंबू तिथंच टाकला. खिंडीत पोचलो. तो आधीच उभा. खुंट्या ठोकलेल्या. दार माझ्याकडे.

रविवार
रेंज नाही. लेकीला खालीच गाठावं म्हणून पलीकडे उतरायला लागलो. पहिल्याच वळणावर — तंबू. वाट अडवून. दार आता तिच्या बाजूला.

तिची हाक ऐकू येतेय. मी ओरडलो, परत जा. ती हसली. थट्टाच वाटली असणार. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी.

माझ्या जिवाची मला भीती नाही. तंबू दोघांचा आहे. एक जागा भरलेली आहे, आणि दुसरी मीच तिच्यासाठी राखून —