रविवारचा पेपर

आई,

तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी पुन्हा शाळेत जायला लागले आहे. शाळा म्हणजे कोथरूडच्या एका संस्थेतला, नोकरी करणाऱ्यांसाठीचा फायनान्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. शनिवार-रविवार वर्ग. माझं वय सेहेचाळीस. वर्गात माझ्याहून मोठे एकच गृहस्थ आहेत, ते पहिल्या बाकावर बसतात कारण त्यांना मागून दिसत नाही. वीस वर्षं हिंजवडीत बसून मी बँकांची सॉफ्टवेअर तपासली. आकडा बरोबर येतो की नाही एवढं मला कळायचं, तो आकडा म्हणजे नेमकं काय हे कधी कळलं नाही. आता ऑफिसात फायनान्सच्या टीममध्ये एक जागा आहे आणि हा अभ्यासक्रम पुरा झाला तर ती मला देऊ असं साहेब म्हणाले आहेत. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण साहेब ते साहेब. पहिल्या तासाला सरांनी अर्धा तास समजावलं की आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यासाठी फी घेतात?"

अभ्यास होतो तो कंपनीच्या बसमध्ये, नाहीतर ओट्यापाशी. आणि ओट्यापाशी उभी राहिले की तू दिसतेस. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्या, कुकर चढवलेला, बाबा फिरतीवर, आणि तू कणीक मळता मळता बँकेच्या बढतीच्या परीक्षेचं पुस्तक वाचते आहेस. हात कणकेचे म्हणून पान कोपराने उलटतेस. कारकुनाची अधिकारी व्हायचं होतं तुला. दोनदा बसलीस, दोनदा थोडक्यात राहिलीस, आणि तिसऱ्या वेळी पेपर आला तो नेमका माझ्या दहावीच्या प्रिलिमच्या आदल्या रविवारी. मी म्हणाले होते, "या वयात कशाला हवी आहे तुला परीक्षा? हे माझं वर्ष आहे." पंधराव्या वर्षी जिभेला हाड नसतंच. तू रागावली नाहीस. "बरं," एवढंच म्हणालीस आणि पुस्तक माळ्यावर गेलं.

त्या रविवारी तू पेपरला गेली नाहीस. जेवणं लवकर उरकलीस, मला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलंस आणि स्वतः बाहेर जिन्याशी पाट टाकून मटार सोलत बसलीस. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांना म्हणालीस, "तिचा अभ्यास चाललाय. साखर संध्याकाळी." काकू पुढे महिनाभर बोलल्या नाहीत. मला मार्क चांगले पडले तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, कुणाच्याही लग्नकार्यात विषय निघाला की तू सांगायचीस, "त्या रविवारी ही पाच तास जागची हलली नाही." तुझ्या त्या परीक्षेचं नाव मात्र तू पुन्हा काढलं नाहीस. शेवटपर्यंत त्याच काउंटरवर राहिलीस.

उद्या रविवार, माझा शेवटचा पेपर. सोमवारपासून माझ्या लेकीची प्रिलिम. तिने मला काहीही म्हटलेलं नाही, उलट परवा माझी सूत्रं तिनेच पाठ करून घेतली. तरी आज मी संस्थेच्या कार्यालयात पेपर सोडण्याचा अर्ज घेऊन गेले. कारण लिहिलं, मुलीचं दहावीचं वर्ष. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"दहावी मुलीची आहे ना?"

"हो."

"मग पेपर तुम्ही का सोडताय?"

"घरी कोणीतरी असायला हवं, अहो."

"कशाला?"

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "साडेचारपर्यंत आहे मी," त्या म्हणाल्या आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. तेव्हापासून मी खाली चहाच्या टपरीच्या बाकावर बसले आहे आणि त्याच अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात तुला हे लिहिते आहे.

एक सांगायचं राहिलं आहे. त्या रविवारी मी झोपले होते. तू दार ओढून घेतलंस, मी जरा वेळ म्हणून पुस्तकावर डोकं टेकलं, ते तू चहाला हाक मारलीस तेव्हाच उचललं. जागची हलले नाही हे खरंच होतं. तू पेपर सोडून पाच तास राखलीस ती माझी झोप. तू कौतुकाने सांगायचीस आणि मी खाली मान घालायचे, लोकांना तो विनय वाटायचा. मला त्याची लाज वाटते, आई, अजूनही वाटते.

साडेचार वाजून गेले. अर्ज दोन्ही बाजूंनी भरला आहे, आता तो त्या बाईंनाही देता येणार नाही आणि तुलाही नाही. उद्या मी पेपरला जाणार आहे. लेक घरी झोपली तर झोपू दे.