फर्म्यावरचं टेंगूळ

अण्णा,

काल धावड्याला गेल्ते, तुमच्या लाडक्या पुतण्याकडं, तुमचा फर्मा मागायला. अंगणात त्याची मोटारसायकल उभी, अन् स्टँड चिखलात रुतू नये म्हणून खाली काय ठेवलेलं? तोच फर्मा! ज्याच्यावर जन्मभर काळ्या टोप्या घडवल्या, तो. मी तोंड उघडायच्या आत हाच म्हणतो, "ताई, लई मजबूत लाकूड हाय. बिलकुल हलत न्हाई बघ गाडी." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. उचलून पाहिला, तर कडा पार चेपलेल्या. तिथंच टाकून आले.

घ्या आता! अंथरुणावरून तुम्हीच म्हणाल्तात ना, "पोरीच्या जातीला काय करायचाय फर्मा? पुतण्याला द्या." तुमचे हात कापायला लागले तवा टोप्या कोण करत होतं हो? आईच्या कुकरची शिट्टी काढून तुम्ही रबरी नळी बसवली, लोकरीचा जाड नमदा वाफवायला. ती नळी धरून मी बसायचे. वाफेनं नमदा मऊ पडला की फर्म्यावर ओढायचा, खालून सुतळीनं आवळायचा. बोटं माझी पोळायची, अन् तुम्ही ओरडून राह्यले, "जल्दी! गार पडून राह्यलाय!" आई बिचारी भिजलेली डाळ घेऊन कुकर कधी सुटतो ते बघत बसायची. गिऱ्हाईक आलं की मात्र मी आत अन् टोपी तुमची.

मंग तुम्ही गेल्यावर मीच केला माझा फर्मा. सुताराकडून सागाचा ओंडका आणला अन् कानशीनं घासत बसले. माप कुठलं घेणार? आजारपणात तुमच्या डोक्याला तेल मीच चोळायचे, तेवढं एकच डोकं हाताला पाठ. आता माझ्याकडून टोप्या नेणारे नाटकवाले त्या परत आणतात, "ताई, डाव्या कानावर फुगून राह्यली." फुगणारच! तुमचं ते कानावरचं टेंगूळ लाकडात बराबर उतरलंय. मेल्यावरबी माझ्या धंद्यात आडवे आलातच तुम्ही.

नाटकवाल्यांनी आता निक्षून सांगितलंय, या बारीला नीट बसली न्हाई तर जालन्यात दुसरीकडं जाऊ. म्हणून तर काल तुमचा फर्मा मागायला गेल्ते, अन् आज सकाळपासून माझ्याच फर्म्यावर कानस घेऊन बसलेय. हा कागद कुठं धाडायचा? चुरगाळून ओल्या टोपीत कोंबते, वाळेस्तोवर आकार तरी धरील.

सगळा फर्मा घासून झालाय, अण्णा. टेंगळाला अजून कानस लावली न्हाई.