झाकणातली फट

२ मार्च
नवऱ्याने माशांची टाकी आणली. आठ मासे — पाठ सपाट, पोट कुऱ्हाडीच्या पात्यासारखं. सगळे पाण्याच्या अगदी वरच्या थरात, खाली फिरकत नाहीत. दुकानदाराने बजावलंय, "थव्यातच ठेवा. एकटा राहिला की खात नाही." सासरे सोफ्यावरून म्हणाले, "मग मी कसा खातो?"

खातात कुठे! सासूबाई गेल्यापासून एकटेच राहत होते. न्हाणीघरात पडले, ते शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. पाय बरा होईपर्यंतच इथे, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलंय. बॅग भरलेलीच, पलंगाखाली. रोजचा सदराही तिच्यातूनच काढतात.

५ मार्च
दाणे तळाला जातात, मासे उपाशी. सासऱ्यांनी चिमटीत चुरून पाण्यावर भुरभुरवले. "सूनबाई, बुडालेल्याकडे हे ढुंकून बघत नाहीत." आता रोज तेच घालतात. मी दुरूनच बघते. कौतुक केलं तर सोडून देतील.

९ मार्च
डॉक्टर म्हणाले, पाय बरा झाला. सासरे लगेच — "शनिवारचं तिकीट काढ." आणि नवरा हो म्हणाला! भांडी जरा जोरातच घासली मी. तिकडे पुन्हा पडले तर?

११ मार्च
अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वर राहणारे मासे, तर वर पाणी जास्त हवं, म्हणून काल टाकी काठोकाठ भरली. झाकणात नळीसाठी फट आहे, ते लक्षातच नाही. सकाळी एक मासा सासऱ्यांच्या चपलेपाशी, वाळलेला. उडी मारतात म्हणे हे. एवढ्याशा माशासाठी रडू आलं मला.

सासरे रागावले नाहीत. मासा कुंडीत पुरला, टाकीतलं चार बोटं पाणी उपसलं. मग बराच वेळ त्या फटीत बोट घालून बसले.

१२ मार्च
कात्री आणि सुई-दोरा मागून घेतला. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, हात शिवशिवत असतील. खोलीचं दार लावून बसलेत.

१३ मार्च
फटीवर जाळी बसली. नळीभोवती घट्ट, कडा दुमडून बारीक टाके. "एवढी छान जाळी कुठून आणलीत, बाबा?"
"होती."

१४ मार्च
केर काढताना बॅग ओढली. हलकी लागली. उघडली — झाकणातला जाळीचा कप्पा कापून घेतलाय. सदरे कपाटात, नवऱ्याचे शर्ट बाजूला सारून.