डाव्या कौलानंतर

१२ जाने., सोम.
आमच्या गेमच्या नव्या भागाचं, एक्स्पान्शनचं, नाव एकदाचं ठरलं: ‘खाडीपल्याड’. मूळ गेममध्ये गड, राक्षस, तलवारी सगळं होऊन गेलंय. आता नवा मुलूख, किनारा, होड्या. त्यातलं गाव गेले कित्येक महिने माझ्याकडे. कल्पना अशी: पलीकडच्या बेटावर जायचं तर आधी ग्रामदेवतेला कौल लावायचा. पाषाणाला फुलाचे दोन ओले कळे चिकटवायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा पडला तर जा, डावा पडला तर नाही म्हणजे नाही. आणि डावा खरोखर पडणार, निम्म्या वेळा.
निनाद (लीड, म्हणजे माझा साहेब, वयाने माझ्याहून लहान) म्हणाला, “सायली, लोक पैसे देऊन गेम घेणार आणि आपण सांगणार जाऊ नको? शिव्या घालतील यार.”
घालू देत. कोणत्या घालतात ते तरी कळेल.

१४ जाने., बुध.
ऑफिसात सगळ्यांनी खेळून पाहिलं. डावा पडला की प्रत्येक जण मागचा सेव्ह उघडतो, म्हणजे कौलाआधीच्या क्षणाला मागे जातो, पुन्हा कळे लावतो, उजवा पडेपर्यंत. कोणी क्षणभर थांबलंसुद्धा नाही. निनाद हसत: “तुझा देव म्हणजे नुसता स्पीडब्रेकर आहे ना.”
लागलं मला. हसले, पण लागलं.
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीतरी कर म्हणतो, नाहीतर कौल कायमचा उजवा. कायमचा उजवा असेल तर तो कौल कसला?

१८ जाने., रवि.
गेमचं आत्तापर्यंतचं बिल्ड घरी आणलं. आईच्या हातात कंट्रोलर दिला. आई म्हणजे रिटायर्ड नर्स, मोबाइलवर पत्ते लावते, तेवढाच गेमिंगचा अनुभव. आधी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून चालत होती. मग जमलं.
कौल लावताना पायातली चप्पल काढली. बोरिवलीत, सोफ्यावर बसून.
डावा पडला. मी म्हटलं, आता मागे जा, परत लाव. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घाण बोलले. “देवान नाय म्हटल्यार परत कित्याक इचारूचा?” आणि निघाली की गावात फिरायला!
वाट लागली. गावात काही नाहीच. कोळीण सारखं “वारा पडलाय” म्हणते. सुतार तर तोंडच उघडत नाही. आई: “ह्या बायेक दुसरा काय बोलूक येत नाय?”
नाही येत. कारण मी लिहिलंच नाहीये. नकार दिला, पण तो ऐकून गावात राहणारं माणूस गृहीतच धरलं नाही मी. इतके महिने त्या गावात काम करून.

२० जाने., मंगळ.
भांडी लावता लावता विचारलं, तू कधी लावलायस कौल?
हो म्हणाली. लग्नाआधी. मस्कतला नर्सची नोकरी चालून आली होती. गावी जाऊन विचारलं. डावा.
“मग?”
“मग काय करतलंय? रवलंय.”
“पटलं तुला?”
“पटण्याचा काय संबंध?”
आणि कुकर लावायला गेली. मस्कत! जन्मापासून या बाईबरोबर राहतेय मी आणि मला पत्ता नाही. राग आला. देवावर की आईवर, ते अजून ठरत नाहीये.

२१ जाने., बुध.
परत खोदलं. राहिलीस म्हणजे केलंस काय नेमकं?
आधी टाळलं. मग बोलली. देवळाकडे फिरकलीच नाही म्हणे किती दिवस. आजीने बोलावलं तरी नाही. आणि मग त्याच सुट्टीत गावच्या खाडीत पोहायला शिकली. सव्विसाव्या वर्षी, साडी खोचून, चुलतभावाला काठावर उभा करून. का? “जावचा नाय तर नाय, पण पाण्याक भियाचा कित्याक?”
आईला पोहता येतं.

२५ जाने., रवि.
लिहीतच सुटलेय. कोळीण आता विचारते, कौल काय झाला? डावा म्हटलं की टोपली खाली ठेवून बसते, स्वतःचं सांगते. सुतार कौल मोडून गेला होता, त्याचं वेगळंच. खेळणाऱ्याला देवळावर रुसता येतं. पोहायला शिकता येतं.
तलवार कुठेच नाही. कोण खेळेल हे? पण लिहिताना मजा येतेय, गेल्या दोन वर्षांत आली नव्हती एवढी.

२८ जाने., बुध.
निनादने वाचलं. म्हणाला, “हे बरंय गं.” त्याच्याकडून एवढं म्हणजे झकासच.
ठरलं असं: बाहेरच्यांना आणि घरच्यांना खेळायला द्यायचं. डावा पडल्यावर जास्त लोक मागच्या सेव्हवर गेले तर कौल कायमचा उजवा. जास्त लोक गावात राहिले तर माझा कौल तसाच.

७ फेब्रु., शनि.
निम्मे राहिले, निम्मे मागे गेले. अगदी बरोबरी. फक्त आई उरलीय. निनाद म्हणाला, “मग जिंकलीस. त्या कसल्या मागे जातायत!”
मीही निवांत.

८ फेब्रु., रवि.
आई सकाळीच बसली. डावा. कोळणीचं सगळं ऐकून घेतलं. देवळावर रुसली. पोहायचं आलं तेव्हा मोठ्याने हसली, म्हणाली, “चोर गो तू.” मला वाटलं, जमलं.
मग कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती पडद्याकडे बघत राहिली. पाणी आणि पलीकडे बेट.
“सायली गो, मागे जावचा बटण खंयचा?”
“कशाला? तूच म्हणालीस ना, देवाने नाही म्हटल्यावर—”
“म्हटलंय. माका एकदा बघूक तरी दी, पलीकडे काय होता.”
बेटावर काय आहे ते मला माहीत आहे. पडका किल्ला, थोडं सोनं, एक बरा राक्षस. ती त्यातलं काही विचारत नव्हती. मला रडू आलं. बटण दाखवलं.
पुन्हा डावा.
आता तिसऱ्यांदा लावतेय. ओठ आवळून. निनादचा मेसेज येऊन पडलाय: ‘आई राहिल्या ना?’
राहिल्या, असं टाइप केलं. पुसलं. खोटं नाही तसं, मस्कतच्या वेळी राहिलीच होती ती, पण आज मागे गेलीय.