गौरीची पंगत

शुक्रवार, संध्याकाळ

माझी भाची गौरी कॉलेजच्या श्रमशिबिराची प्रमुख आहे. काल शिबिराच्या गावाहून, राहूहून, तिचा रडत फोन आला. “मावशी, पोरं ऐकतच न्हाईत. सोडते मी हे.” मी तिला आमच्या कॉन्व्हेंट शाळेतली शिस्त शिकवली: आवाज चढव, रांगेत उभं कर.

राहवेना म्हणून आज शिबिरात गेलेच. गौरी ओरडत नव्हती. पंगतीत भाकरी वाढता वाढता कामं सांगत होती. “रोहित, घे अजून. आन् चर खणायला तू पुढं हो.” तोंडात घास असताना तो नाही कसं म्हणणार? “प्रमुखबाई, हा अन्याय हाय!” म्हणत हसला, पण जेवून कुदळ घेऊन निघालाच.

माझं लेकरू! हे तिला कोणी शिकवलं? मी तर नक्कीच नाही.

मग भाकरीची टोपली माझ्यापुढे आली. “मावशी, घे की. भांडी घासायला एक माणूस कमी हाय.”

मी गुपचूप पदर खोचला.