तुझी धड दाढ

माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी माझं पत्र तू आधी उलटसुलट करून बघितलं असतंस, की हिनं नेमकं कशापायी लिहिलं. माझाही स्वभाव तोच. भाजीवाल्यानं मेथीची जुडी दिली की मी ती सोडून बघते. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या की मागची तारीख वाचते, आणि मग ती तारीख तरी खरी कशावरून, असं मनात येतं. सून म्हणते, "आई, तुमी तर प्रसादाचापण वास घेऊन बघता." घेते. त्यात काय चुकलं?

ते दिवस कापूस वेचणीचे होते. चकलांब्याच्या आपल्या रानातून घरी येताना ओढ्याचा चढ लागतो. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तू चढाच्या मध्यावर थांबतेस, गाठोडं खाली टाकतेस आणि डावा गाल हातात धरून दगडावर बसतेस. मी शाळेतून येताना तुला तिथंच गाठते. "काय झालं माय?" "दाढ ठणकायली गं." थोड्या वेळानं तू उठतेस, पदर झटकतेस आणि काही झालंच नाही अशी चालू लागतेस. तुझ्या धन्यांनी, आमच्या दादांनी, लवंग धरायला सांगितली, शेजारच्या काकूंनी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, तू दोन्ही केलंस. पण चुलीपुढं बसून भाकरी थापताना तुझी दाढ कधी दुखली नाही. ती चढावरच दुखायची. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं, तरी दाढेला चढ कसा कळतो, हे कुणी विचारलं नाही.

मग एका बाजारच्या दिवशी दादा आपल्या दोघींना गेवराईला घेऊन गेले. दाताच्या डॉक्टरची ती अंधारी खोली, लोखंडी खुर्ची आणि स्पिरिटचा वास मला अजून आठवतो. तू बोट लावून दाढ दाखवलीस, त्यानं ठोकून बघितली आणि काढली. चूळ भरल्यावर तू दाढ मागून घेतलीस आणि बाहेर उन्हात धरून फिरवून फिरवून बघितलीस. "ही तं धड हाय की. कीड न्हाई, काळं न्हाई. मग ह्यानं काढली कावून?" दादा म्हणाले, "तूच तं दावली." "मी दावली, पर त्याला डोळे हायत का न्हाई? लई लबाड हाय त्यो." दाढ तू पदराच्या गाठीत बांधलीस, आणि एसटीत बसल्यावरही गाठ चाचपत राहिलीस.

दुखणं मात्र थांबलं नाही. पुढं पुढं तर त्याला चढही लागेना. त्या दुपारी तू ओसरीत तूर निवडत बसली होतीस. मी आत चहा ठेवला होता, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. तू हाक मारली नाहीस. दाढेसाठी कोण हाक मारतं? मी कपबशी घेऊन बाहेर आले तेव्हा तू भिंतीला टेकलेली होतीस, हात गालावर होता आणि सूप मांडीवरून घसरलं होतं. तुला किती हलवलं मी.

गावानं निकाल दिला की दाताच्या डॉक्टरनं मारलं, दाढेचं विष मेंदूत चढलं. आम्ही तो मानला, मी तर सगळ्यांत जास्त. त्या दिवसापासून आपल्या घरातल्या कुणीही कुणाला दात दाखवला नाही, एखादं व्रत पाळावं तसं. दादांचे सगळे पडले, भावाचे निम्मे गेले, माझ्या तोंडात जे उरलेत ते नसल्यातच जमा. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, पण त्या खुर्चीत बसले नाही. आणि तुझी दाढ तुझ्याच कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवली. पुरावा होता तो.

आता मी बीडला मुलाकडं राहते, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. या थंडीत जिना चढताना माझा जबडा दुखायला लागला. दात किडलेलेच, त्यामुळं मला शंकाही आली नाही. सुनेनं देवळात जायचं म्हणून रिक्षात बसवलं आणि उतरवलं ते दाताच्या दवाखान्यापुढं. डॉक्टरीण सुनेपेक्षाही लहान. तिनं तोंडात बघून सांगितलं, तीन-चार तरी काढावे लागतील. मला वाटलं, झालं, निघाली ही लुटायला. मग तिनं विचारलं, "नेमकं कधी दुखतं?" म्हटलं, जिना चढताना. "आणि बसल्यावर?" थांबतं. तिनं हातातली हत्यारं खाली ठेवली. "मग आज मी एकही दात काढणार नाही, मावशी. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." माझा संशय दुप्पट झाला. दात काढायला बसलेली बाई दात काढत नाही, म्हणजे हिचं तिकडं साटंलोटं असणार.

हृदयाच्या डॉक्टरनं ईसीजी काढला, रक्त घेतलं, धावत्या पट्ट्यावर चालवलं. म्हणाला, बायकांचं दुखणं कधी कधी छातीत न येता जबड्यात येतं, पाठीत येतं, नुसताच थकवा येतो. आधी बरंचसं संशोधन पुरुषांवरच झालं, त्यामुळं बायकांचं निसटत राहिलं, आता जास्त कळायला लागलंय. मी विचारलं, "आधी कळत नव्हतं म्हणजे? बायकांना काळीज काय काल बसवलं?" तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. पुढं म्हणाला, रक्तात एक चरबी असते ती आईवडिलांकडून येते, खाण्यापिण्यानं फारशी बदलत नाही, तीही तपासू. तुझ्याकडून मला पाटल्या आल्या, आणि बहुधा हेही आलं. हिरड्यांची सूज आणि हृदय यांचाही काही संबंध दिसतो म्हणे, नेमका कसा ते अजून ठरायचंय. म्हणजे ज्या डॉक्टरपासून आम्ही दात वाचवले, ते दातच आता उलटले की काय! मग त्यानं परवाची अँजिओग्राफी ठरवली. मी म्हटलं, आत गेलेला प्रत्येक माणूस जाळी बसवूनच बाहेर येतो. तो म्हणाला, लागेल किंवा लागणारही नाही, बघितल्याशिवाय कसं सांगू? आणि निघताना बजावलं, बसल्या जागी दुखलं तर परवाची वाट बघायची नाही, त्याच घडीला यायचं.

रिक्षात मी सुनेला म्हटलं, घाबरवायचे धंदे आहेत सगळे. कालपर्यंत तूप म्हणजे विष, आज म्हणे थोडं चालतं, उद्या पुन्हा फिरतील. ती म्हणाली, "फिरतात म्हणजे चुकलेलं कबूल करतात, आई. तुमी कधी फिरलात?" मला इतका राग आला की रात्री मी जेवायलाही उठले नाही.

आज करंडा उघडून तुझी दाढ तळहातावर घेतलीय. खरंच धड आहे गं. तू त्याला दाढ दाखवलीस, त्यानं दाढच बघितली. तो लबाड होता का अडाणी, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि हा बीडचा हृदयाचा डॉक्टर त्या दोन्हीतला कोण आहे, तेही नाही.

हे पत्र करंड्याखाली ठेवायचं ठरवलं होतं. पण एक सांगायचं राहिलं, सुनेलाही सांगितलेलं नाही. मघापासून माझा जबडा ठणकतोय, आणि आज मी जिना चढलेली नाही. या खुर्चीतून उठलेलीच नाही. दाढच असंल, असं मी स्वतःला सांगतेय, अगदी तुझ्या आवाजात. सून स्वयंपाकघरात आहे. माझा अजून कुणावरच विश्वास बसलेला नाही, माय. पण मी तिला हाक मारतेय.