काहून वं माय

नागपूर, २ जानेवारी २०२५

ती. मनकर्णाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा डब्यात ठेवून दिलंस, असं तुझा मुलगा श्रीधर म्हणाला. फोनवर मी एकटीच बोलत राहते आणि तू नुसतं 'हो हो' करतेस. त्यापेक्षा हा कागद बरा.

माझ्या पाळणाघरात नवं बाळ आलं आहे. तनिष्का, दहा महिन्यांची. आई सोनिका इथे रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, राहते वाडीला. नवरा ट्रकवर, बहुतेक बाहेरच. इतके दिवस बाळाला आजीनं, म्हणजे सोनिकाच्या सासूबाई भीमाबाईंनी सांभाळलं. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. नणंद त्यांचं करते, पण तिला दोघींचं जमत नाही.

बाळ आईच्या कडेवरून उतरतं आणि रडायला लागतं, ते आई येईपर्यंत. झोका, खुळखुळा, पोटाला हिंग, गॅलरीतली कबुतरं, सगळं करून झालं. डॉक्टरांनी कान, पोट तपासून काही नाही म्हणून सांगितलं. इथल्या छोट्या पियूषचे बाबा म्हणाले की एकतर ती राहील, नाहीतर आमचा मुलगा. बाकीच्या आयाही तेच म्हणणार. महिनाअखेर मला सोनिकाला नाही म्हणावं लागेल, आणि मग तिची नोकरी जाईल. नकाराची वाक्यं मनात जुळवताना मला हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

प्रकृतीला जप. माझ्यावर माया असू दे आणि उत्तर लिही.

तुझी,
मयुरा

कन्हान, ६ जानेवारी

चि. मयुरास,
अ. उ. आ.

यंत्र काहून काढलं म्हणून इचारतं? त्यात माणसं नाही, नुसता पंखा आयकू येते. आता हिवाळ्यात पंखाबी बंद आहे, मंग कायले घालू?

लेकरू रडते तवा तू त्याले काय म्हणतं, ते तं लिहिलंच नाही. पण मले माईत आहे. 'बाळ, काय झालं? असं रडू नये.' झोक्यातल्या लेकराशीबी तू रेडिओवरच्या बाईसारखी बोलतं. कॉलेजात गेली तवापासून तुहं तसंच. वाडीची म्हातारी बोलत असन का तसं? लेकरू मनात म्हणत असन, ही कोण बाई होय. त्याच्या कानापाशी 'काहून वं माय, काहून रडून राहिली' असं म्हणून पाह्य. तू लहान होती तं मी तेच म्हणो. थांबे तू. रोज नाही थांबे, खोटं कायले लिहू.

पोट भरून जेवत जाय. माया आहेच, ते मागाची चीज नोहे.

तुही ताई

नागपूर, १२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. पाळणाघराच्या पाटीवर मीच लिहून घेतलं आहे, 'घरगुती वातावरण, शुद्ध भाषा'. ती पाटी वाचूनच सोनिका जिना चढून वर आली होती. शाळेत तिच्या बोलण्याला मुली हसायच्या. आपल्या मुलीचं तसं होऊ नये, एवढंच तिनं मागितलं आणि मी शब्द दिला.

तरी गुरुवारी म्हणून पाहिलं. नक्कल केल्यासारखं वाटलं, कारण इतकी वर्षं ते शब्द मी फक्त थट्टेत वापरले. पण तनिष्काचा हुंदका अर्ध्यावरच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून दाराकडे, मग परत माझ्या तोंडाकडे. दारात कुणी नव्हतं. मग ती रडली, पण हळू, आणि खांद्यावरच झोपली. तेव्हापासून रोज म्हणते. पियूषचे बाबा खूश आहेत. चला, आवाज बंद झाला, म्हणाले.

मला मात्र तिचं ते दाराकडे बघणं सोसत नाही. मी तिला शांत करते, की आजी आल्याचं खोटं रोज सांगते? घरी तिला भीमाबाईंच्या शेजारी निजवतात. ती त्यांच्या ओठांना हात लावते आणि रडायला लागते, असं सोनिका म्हणाली. ओठ तिथे आहेत आणि आवाज इथे. सोनिकाला मी अजून काही सांगितलेलं नाही.

या गोंधळलेल्या बहिणीवर माया असू दे.

मयुरा

कन्हान, १७ जानेवारी

चि. मयुरास,
अ. उ. आ.

सोनिकाले सांगून टाक. आई होय ते. रागावली तं रागावू दे. पण तिच्या लेकराले तिच्या मागं आपलं करून घेशीन, तं ते काही बरं नाही. खोटं का खरं, हे लेकराले समजत नाही, तुलेच समजते. म्हणून तुलेच झोप नाही.

संक्रांतीचे तीळ श्रीधरजवळ पाठवते. गोड बोल, पण खरं बोल.

ताई

नागपूर, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भीमाबाई गेल्या. सगळं आटोपून सोनिका काल पहिल्यांदा बाळाला घेऊन आली. संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा दारातच मी सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली की सासूबाईंना तिनंच बजावलं होतं, पोरीशी असं बोलत जाऊ नका. त्या हो म्हणायच्या. कधी ड्यूटीवरून ती लवकर घरी आली, की त्या बोलता बोलता एकदम गप्प व्हायच्या. दिवसभर त्या किती बोलत असतील, ते आज कळलं, म्हणाली.

तनिष्का इथेच राहणार आहे. पण काल आईकडे जाताना ती रडली आणि हात माझ्याकडे केले. सोनिकानं 'काहून वं' म्हणून पाहिलं. पुढचा 'माय' काही तिला म्हणता आला नाही. बाळ आम्हा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिलं. फाटकापर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं.

मग मी पाटीखाली जाऊन उभी राहिले. 'शुद्ध भाषा' हे दोन शब्द खरवडावे असं वाटलं, आणि लोक काय म्हणतील असंही वाटलं. तशीच वर आले.

ताई, माय गेली तेव्हा मी पाळण्यात होते. ते शब्द तू म्हणायचीस, पण त्यांचा सूर मुळात कुठून आला?

मायेनं दोन ओळी तरी लिही.

मयुरा

कन्हान, १४ फेब्रुवारी

चि. मयुरास,
अ. उ. आ.

सोनिकाले म्हण, एक शब्द निंगाला, दुसराबी निंगन. पण तवरोक संध्याकाळी तू दारात उभी राहू नोको. आत जाय. लेकराले एकच तोंड दिसू दे.

सूर कुठून आला म्हणतं. मायचा होय तो. मी मायपासून घेतला, तू माह्यापासून. आता मले मायचा आवाज आठवत नाही. लय आठवून पाह्यते, तं तिचं तोंड हालते अन् आवाजच येत नाही. माहा सोताचाबी आता मले आयकू येत नाही.

होळीले येशीन तं माह्यासमोर बस, अन् ते म्हण. मले आयकू नाही येणार, पण तोंड ओयखीन मी.

वाट पाह्यते.

तुही ताई